सितारामचं ताट

१

आधीच सांगतो, हे लिहायची मला हौस नाही. गावकीच्या खोलीला पन्नास वर्षं झाली म्हणून मंडळाच्या पोरांनी पुस्तक काढायचं ठरवलं आणि ‘आप्पा, तुम्ही जुने, तुम्ही लिहा’ म्हणून माझ्या मागं लागली. म्हटलं, माझी शाळा तिसरीत सुटली. तर म्हणतात, बोलता तसं लिहा. मी बोलतो तसं लिहिलं तर ते पुस्तक बायाबापड्यांच्या घरात ठेवता येणार नाही. शेवटी वही आणून दिली आणि रोज येता-जाता विचारतात, किती झालं? हे घ्या. खोलीचा इतिहास-बितिहास नाही यात. गेल्या उन्हाळ्यात झालं ते आहे. पटलं तर छापा, नाहीतर भजी बांधा.

गावकीची खोली म्हणजे काय, ते आताच्या पोरांना सांगावं लागतं. आमचं गाव साताऱ्याकडचं, डोंगरातलं. गावातला गडी हमाली करायला मुंबईत आला की सगळ्या गावानं मिळून घेतलेल्या एका खोलीत राहायचा. पहिली खोली मस्जिद बंदरला होती. तीस माणसं, पाळीपाळीनं झोपायची. बाजार वाशीला आला तसे आम्हीही खाडी ओलांडून आलो. आता ती खोली म्हणजे कामोठ्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, फरशीबिरशी लावलेला. राहायला मात्र दोनच म्हातारे. मी आणि बाबासो. बाकी येणारं-जाणारं.

खोलीचा एक नियम पन्नास वर्षांत मोडलेला नाही. ज्यानं त्यानं आपलं ताट आणायचं, नाव घातलेलं. दुसऱ्याच्या ताटात जेवायचं नाही. आणि खोलीतला कुणी गेला, की त्याच्या घरचे ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं कोरून एक ताट खोलीला देतात. ती ताटं वरच्या फळीवर असतात. ज्याची तिथी त्याचं ताट खाली काढायचं, वाढायचं, गच्चीवर ठेवायचं, धुऊन परत वर. त्यात कुणी जेवत नाही.

ज्या दिवशी हे सुरू झालं त्या दिवशी मी गावी होतो, डोळ्याच्या ऑपरेशनला. म्हणून पुढचं बरंचसं बाबासोच्या तोंडचं आहे. बाबासो खोटं बोलत नाही. तेवढी अक्कल त्याला नाही.

२

सनी आला तो एप्रिलच्या पहिल्या सोमवारी. आमच्या गावातल्या उज्वलाचा थोरला. कऱ्हाडच्या कॉलेजात शिकतो आणि बेलापूरच्या एका सरकारी कचेरीत दोन महिने शिकाऊ म्हणून लागला होता. इंटर्न म्हणतात. काम काय, तर जुनी कागदं मशिनवर ठेवून त्यांचे फोटो काढायचे. दारात उभा राहिला तेव्हा पाठीला बॅग, हातात गावाकडच्या तांदळाची पिशवी, आणि चेहरा असा की कुणी ‘परत जा’ म्हटलं असतं तर रडला असता.

बाबासोला पोरंबाळं नाहीत. त्यानं पोराच्या हातातली पिशवी घेतली आणि पहिलं वाक्य बोलला, “चपला आत काढ. हितं चोर लई हाईत.”

रात्री जेवायला बसताना कळलं, पोरगं ताट विसरलं.

“आजोबा, मी कागदाच्या प्लेटीत जेवतो की.”

“का? लगीन हाय का हितं कुनाचं?”

“मग उद्या विकत आणतो.”

“आन् आज? आज काय हातावर वाढू?”

फळीवर ताटं होती. बाबासोनं हात घातला आणि सगळ्यात जाड, सगळ्यात चांगलं ताट काढलं. सिताराम ज्ञानू नलवडे, एकोणीसशे एकोणनव्वद. सिताराम म्हणजे बाबासोचा जोडीदार. हमालीत जोडीदार म्हणजे जो तुमच्या पाठीवर पोतं ठेवतो तो. पोतं नीट बसलं नाही तर तुमचा मणका जातो, म्हणून जोडीदार बायकोपेक्षा बघून करायचा असतो. सतरा वर्षं दोघांनी एकमेकांच्या पाठीवर पोती ठेवली. मग एका दुपारी सिताराम जेवायला बसला, पहिला घास तोंडाजवळ नेला आणि तसाच आडवा झाला. ताट भरलेलं राहिलं. त्याचं नाव काढलं की बाबासो अजून उठून बाहेर जातो.

“यात जेव,” बाबासो म्हणाला. “माझ्या भावाचं हाय. त्याला पोरं आवडायची.”

सनीनं नाव वाचलं. “पण हे तर...”

“आरं, गेलेल्या मानसाचं ताट हाय, इख न्हाय. गप जेव.”

पोरगं जेवलं. दोन भाकऱ्या जास्तच खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी नवं ताट आणायचं राहिलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवसापासून कुणी विषयच काढला नाही.

रविवारी बाबासोनं त्याला राजधानी दाखवली. हीसुद्धा खोलीची रीत. नव्या गड्याला पहिल्या रविवारी जुन्या गड्यानं मुंबई दाखवायची. गेटवे, मंत्रालय, विधानभवन, मरीन ड्राइव्ह. पोरगं प्रत्येक इमारतीचे मजले मोजायचं आणि मान दुखली की खाली बघायचं. मंत्रालयासमोर आईला व्हिडिओ लावला. “आई, हितनं सगळा महाराष्ट्र चालतो.” उज्वला म्हणाली, “मग त्यांना म्हणावं आपल्या वाडीचा रस्ता करा.” बाबासो तिथल्या पोलिसासमोर एवढा मोठ्यानं हसला की पोलिसानं हटकलं. समुद्राच्या कट्ट्यावर दोघांनी एका कागदातले शेंगदाणे खाल्ले. असा रविवार बाबासोला कितीतरी वर्षांत आला नव्हता.

३

दुसऱ्या आठवड्यात बाबासोला एक गोष्ट दिसली.

सनी स्वयंपाकघरातनं बाहेर येताना वाकायचा.

दार सात फूट उंच. पोरगं पावणेसहा फुटाचं. तरी मान खाली घालून यायचा आणि उजवा तळवा टाळूवर धरायचा. बाबासोनं मनाशी हिशेब लावला. गावाकडची दारं बुटकी, पोराला सवय असेल. बरोबर आहे. पण गावच्या घरात आपण आत जाताना वाकतो. हा बाहेर येताना वाकत होता, आणि बाकी कुठल्याच दारात वाकत नव्हता.

मस्जिद बंदरच्या खोलीत चुलीकडनं बाहेर येताना डोक्यावर एक तुळई होती. तिला एक खिळा होता. नव्या माणसाला तो एकदा लागायचा, मग तो जन्मभर तळवा डोक्यावर धरायचा. ती इमारत पाडून पंचवीस वर्षं झाली. सनी एकवीस वर्षांचा आहे.

बाबासोनं विचारलं, “का रं वाकतोस?”

“कुठं वाकतो?” पोरगं म्हणालं. खरंच त्याला ठाऊक नव्हतं.

मग चालणं. हॉल रिकामा. मध्ये एक चटई नाही, स्टूल नाही. पण सकाळी मोरीकडं जाताना सनी सरळ जायचा नाही. एक पाय उचलायचा, लांब टाकायचा, थांबायचा, मग दुसरा. पुन्हा एकदा. जमिनीवर माणसं झोपली असावीत आणि कुणाच्या हातावर पाय पडू नये, असा. बाबासो चहाचा कप घेऊन बघत राहिला. पाय कुठं कुठं उचलतो ते त्यानं बघितलं. तीन ठिकाणी. जुन्या खोलीत त्या जागी झोपायचे धोंडिबा, मारुती, आणि दाराजवळ उताणा नामा. तिघंही फळीवर आहेत.

“म्हातारपनी डोकं फिरतं,” तो स्वतःशी म्हणाला आणि पोराला दूध दिलं.

कचेरीत मात्र पोराचं कौतुक चाललं होतं. तिथल्या शमीम मॅडमनी सनीला सांगितलं होतं की इतक्या लवकर रुळलेला मुलगा त्यांनी पाहिला नाही. एका दिवशी लिफ्ट बंद होती. कागदांची खोकी चौथ्या मजल्यावर न्यायची होती, शिपाई कुरकुर करत होते. सनीनं पाठ वाकवली, म्हणाला “ठेवा,” आणि चार खोकी एका दमात वर नेली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ते सांगताना त्यानं शर्टाची कॉलर मागं ओढली. मानेखाली, जिथं पोतं टेकतं तिथं, कातडी काळी आणि जाड झालेली.

तसा घट्टा पडायला आम्हाला चार वर्षं लागली होती.

बाबासोनं त्यावर तेल लावलं. बोट फिरवताना त्याच्या लक्षात आलं की डावीकडं, दोन बोटं खाली, एक जुना खड्डा असायला हवा. सितारामला पोतं ओढायचा आकडा लागला होता तिथं. त्यानं बोट खाली नेलं. खड्डा होता.

त्यानं हात काढला नाही.

४

तिसऱ्या रविवारी सनी म्हणाला, “आज मी दाखवतो.”

“तू? तुला हितं येऊन वीस दिस तर झालं!”

“चला तर.”

आधी बेलापूरहून मेट्रोनं पेंधरपर्यंत गेले आणि परत आले, कारण पोराला मेट्रोची हौस होती. डब्यात काचेला नाक लावून बसला होता. तोवर तो सनी होता, हे बाबासो छातीठोक सांगतो. तळोज्याचे कारखाने, डोंगर, नावड्याकडची घरं, सगळ्याचे फोटो काढले. मग लोकल पकडून दोघं मुंबईत आले आणि मस्जिद बंदरच्या गल्ल्यांत शिरले. तिथं पोरानं फोन खिशात घातला आणि पुढं झाला.

बाबासो त्या गल्लीत गेली वीस वर्षं गेला नव्हता. दुकानं बदललेली, नावं बदललेली. तरी पोरगं हातगाड्यांमधनं सपासप चाललेलं. एका काचेच्या इमारतीसमोर थांबलं. खाली मोबाइलचं दुकान. त्यानं वर दुसऱ्या मजल्याकडं बघितलं. नुसती काच होती, तीत ऊन.

“खिडकी हिकडं हुती,” तो म्हणाला.

बाबासोनं विचारलं, “कुनी सांगितलं तुला?”

पोरगं हसलं. हसताना त्यानं ओठ मिटून घेतले, पुढचा दात पडलेला माणूस हसतो तसे. सनीचे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत.

त्या संध्याकाळी जेवताना आमटी अळणी झाली होती. सनीनं ताटावरनं मान वर केली नाही. हात पुढं केला.

“बाब्या, मीठ दे.”

बाबासोला बाब्या म्हणणारं एकच माणूस होतं. बायकोसुद्धा त्याला ‘अवं’ म्हणायची. आई म्हणायची बाबू.

बाबासोनं मीठ दिलं.

मग तो भांडी घासत बसला. नळ जोरात सोडला, रडण्याचा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मला त्यानं हे सांगितलं तेव्हा वाटलं, घाबरून रडला असेल. तर नाही. म्हणाला, “आप्पा, दिवाळीला पोरगं गावाकडनं यावं तसं वाटलं रं मला.”

५

त्यानंतर त्यानं काय केलं असेल? पोराला नवं ताट आणायचं? फळीकडं बघायचं, नारळ फोडायचा, मला फोन लावायचा? यातलं काही नाही. मटण आणलं. सितारामला रस्सा पातळ लागायचा, म्हणून पातळ केला. बांगडे आणले. रोज ताट भरून वाढलं.

सनी असायचा तेव्हा सनी असायचा. फोन, रील, कचेरीच्या गप्पा, “आजोबा, तुम्ही पण या की पाम बीचला, फ्लेमिंगो बघायला.” पण ताटावर बसला की दुसरा. आणि सनी असण्याचा वेळ कमी होत चालला होता, हे बाबासोला दिसत होतं. आंधळा नव्हता तो. पोराचे गाल आत गेले होते. ढीगभर जेवायचं आणि वाळत चाललेलं.

महाराष्ट्र दिनाची सुट्टी होती. बाबासो दुपारी भाजी घेऊन वर आला. कुलूप उघडलं. हॉलमध्ये पंखा चालू, उन्हाची पट्टी फरशीवर. स्वयंपाकघरात सनी दाराकडं पाठ करून जेवत बसला होता. खांदा उजवीकडं कललेला. भात कालवल्याचा आवाज येत होता.

बाबासो म्हणाला, “न बोलावता बसलास व्हय?” आणि पिशवी ठेवायला वळला.

हॉलच्या कोपऱ्यात गाद्यांची थप्पी असते. तिला टेकून सनी बसला होता.

मांडीवर कॉलेजची बॅग. दोन्ही हात बॅगेवर. पाय जवळ घेतलेले, कुणाला आपली अडचण होऊ नये असे. एस.टी. स्टँडवर गाडी चुकलेलं पोरगं बसतं तसं बसलेलं आणि स्वयंपाकघराच्या दाराकडं बघत होतं. तोंड उघडं नव्हतं, पण गळ्याची घाटी हलत होती. भुकेल्या माणसाची दुसऱ्याला जेवताना बघून हलते तशी.

आतनं आवाज आला, “बाब्या, दार लाव. बस जेवायला. निवतंय.”

बाबासोनं दार लावलं. पुन्हा कोपऱ्यात बघितलं तर गाद्या होत्या. नुसत्या गाद्या. आणि वरच्या गादीवर, टेकून उठल्यावर राहतो तसा खळगा.

हे मला सांगताना बाबासो एवढ्यावर थांबला. मी विचारलं, मग?

“मग बसलो जेवायला,” तो म्हणाला. “छत्तीस वर्सांनी पोटभर जेवलो, आप्पा.”

६

उज्वला माझ्याकडं आली ती त्याच आठवड्यात. माझ्या डोळ्याला पट्टी होती, मी पडवीत पडलो होतो. ती उंबऱ्यावर बसली आणि पदर तोंडाला लावला.

“आप्पा, सनी फोनवर मला म्हनला, बाई, तुमी कोन?”

“गंमत करत असंल.”

“मीबी तेच म्हनलं. मग हसला. पन नंतर म्हनला, पुतळाला सांगा, येतोय.”

पुतळा म्हणजे सितारामची बायको. सत्तर वर्षांची. गावातली पोरं तिला पुतळाआजी म्हणतात. नुसतं पुतळा म्हणणारा एकच होता.

“आप्पा, माझं पोर आना,” उज्वला म्हणाली. “मला दुसरं काय कळत न्हाय. शिक्षान नको, सर्टिफिकेट नको. पोर आना.”

डॉक्टरनं प्रवास नको म्हटलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली आणि दुपारी कामोठ्यात उतरलो. शनिवार होता. सोसायटीच्या बाकावर बाबासो बसला होता, नवा शर्ट, दाढी केलेली, हातात मटणाची पिशवी. मला बघून उठून मिठी मारली. आजवर कधी मारली नव्हती. आणि तिथंच, त्या बाकावर, वर लिहिलेलं सगळं मला सांगितलं. त्याचे डोळे चमकत होते. “चल वर,” म्हणाला. “तुला बघून खूश हुईल.”

वर गेलो. पोरगं ताटावर बसलं होतं. मला कोपऱ्यात काही दिसलं नाही, पण माझा एकच डोळा उघडा होता. मला हात दिसला. सितारामचा अंगठा बाजारात वजनकाट्याखाली सापडला होता, तो चार बोटांनी जेवायचा, अंगठा बाहेर ठेवून. हा तसाच जेवत होता. घासामागनं घास. आणि ताटातला भात कमी होत नव्हता.

“सिताराम,” मी म्हणालो.

त्यानं मान वर केली. “म्हातारा झालास रं, आप्पा.”

“हे पोर उज्वलाचं हाय.”

“ठाव हाय मला.”

“मग ऊठ.”

“दोन घास ऱ्हायल्यात.”

“खाऊ दे की त्याला दोन घास!” बाबासो मागनं म्हणाला. “कुठं पळून चाललाय पोरगा?”

ऐका. भरल्या ताटावरनं माणसाला उठवू नये, हे मला माझ्या आईनं शिकवलं. वैरी असला तरी जेवू द्यावा, मग भांडावं. मी आयुष्यात नाना खोड्या केल्या, हे पाप केलं नव्हतं. पण समोरच्या पोराची मनगटं मी बघितली. काड्या झालेल्या. आणि पडवीत बसलेली उज्वला मला दिसत होती. दोन घासांनंतर तिला नेऊन द्यायला काय उरलं असतं?

मी खाली वाकलो आणि ताट ओढून घेतलं.

बाबासो ओरडला. त्यानं माझी मान धरली. ताट जड होतं, दोन्ही हातांनी धरावं लागलं, भात सांडला. मला वाटलं, आता तो सोडणार नाही. पण त्यानं ताटाला हातसुद्धा लावला नाही. घास हातात तसाच. माझ्याकडं बघत राहिला, आणि मग तो घास जमिनीवर ठेवला, सावकाश, अन्नाला लागू नये असा.

“चुकलं माझं, आप्पा,” म्हणाला.

आणि उठला. उठला म्हणतो खरा, पण पोरगं तिथंच मांडी घालून बसलेलं होतं. मग उठलं ते काय, हे मला विचारू नका. गॅसमागच्या भिंतीकडनं चूळ भरल्याचा आवाज आला. तिकडं नळ नाही. जुन्या खोलीत मोरी त्या बाजूला होती. पाणी थांबलं, आणि कुणी हात झटकावेत तसा आवाज झाला, एकदा, दोनदा.

“आप्पा? तुम्ही कधी आलात?” सनी डोळे चोळत म्हणाला. “मला लई भूक लागलीय.”

मी त्याला माझ्या ताटात वाढलं. नियम मोडला तर मोडला. पाच भाकऱ्या खाल्ल्या त्यानं, अंगठा लावून.

पोरानं राहिलेले दिवस पुरे केले, सर्टिफिकेट घेतलं, घारापुरीची लेणी बघितली, आईसाठी साडी घेतली आणि जूनमध्ये गावी गेला. मानेवरची कातडी आता नितळ आहे, मी कॉलर ओढून बघितली. ताट मी पुतळाला नेऊन दिलं. तिनं ते उलटसुलट करून बघितलं. एवढंच विचारलं, “जेवलं का?” मी म्हटलं, अर्धं. ती ताट घेऊन आत गेली.

उरला बाबासो. त्या दुपारी पोरासमोर त्यानं मला हलकट म्हटलं. म्हणाला, “एकदा देवानं त्याला ताटावरनं उठिवला, आन् आता तू.” तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक दोघांचा करतो, माझं वाढून ठेवतो, माझ्या डोळ्यात औषधपण घालतो, पण तोंडातनं शब्द नाही. मी वाट बघतोय. सिताराम मेलेला माणूस, भरल्या ताटावरनं उठवलेला, तरी त्यानं माझी माफी मागितली. ज्यानं अजून मागितलेली नाही तो जिता आहे, पलीकडच्या खोलीत घोरतोय, आणि पुस्तकात त्याचं पूर्ण नाव छापा: बाबासो गणू नलवडे.